'अल' कुणाचा?

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या भाच्याने एक संदेश टाकला. इंग्रजीतले 'अल'ने सुरू होणारे शब्द मुसलमानांनी जगाला दिले, असं त्यात ठासून लिहिलं होतं आणि खाली लांबलचक यादी. अल्जेब्रा, अल्गोरिदम, अल्केमी, अल्कली, आल्मंड, अल्फाबेट, अ‍ॅलिगेटर... शेवटी नेहमीचं वाक्य, 'हर मुसलमान तक पहुंचाओ'. तासाभरात पंचवीस जणांनी माशाअल्लाह म्हटलं.

यादीत अल्कोहोल मात्र नव्हतं. ती बनवणाऱ्याला हा शब्द आठवला नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याने तो गाळला असणार. आणि मला गंमत वाटते ती इथेच, कारण अरबी मूळ सांगायला यासारखा खणखणीत शब्द दुसरा नाही. 'अल-कुहल', म्हणजे सुरमा. डोळ्यांत घालतो तो. माझे अब्बा जुम्याला निघण्याआधी पितळेच्या सुरमेदाणीतून तो सलाईने घालायचे आणि आम्हा पोरांना समोर बसवून आमच्याही डोळ्यांत ओढायचे. हदीसच्या ग्रंथांत 'इस्मिद'च्या सुरम्याची शिफारस आहे, म्हणून आपल्याकडे त्याला सुन्नत मानतात. तर ही सुन्नत आणि ती हराम दारू, दोन्हींचं नाव एकच कसं झालं?

झालं ते असं. सुरमा म्हणजे खनिज कुटून, खलून केलेली अतिशय बारीक पूड. युरोपातल्या किमया करणाऱ्यांनी हा शब्द उचलला आणि कुठल्याही बारीक पुडीला ते अल्कोहोल म्हणू लागले. सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तो याच अर्थाने. पुढे पुडीवरून तो अर्कावर सरकला. एखाद्या पदार्थाला उष्णता देऊन त्यातलं जे सूक्ष्म, निखळ सत्त्व काढायचं ते अल्कोहोल. मग वाइनचं सत्त्व म्हणजे 'अल्कोहोल ऑफ वाइन'. कालांतराने 'ऑफ वाइन' गळून पडलं आणि सुरम्याच्या नावाने बाटली उरली. अरबीत दारूला कुराणाचा शब्द 'खम्र' आहे. आजचे अरब अल्कोहोलला 'कुहूल' म्हणतात, पण तो युरोपची सफर करून परत आलेला पाहुणा. घरातून सुरमा घेऊन निघाला आणि स्पिरिट होऊन आला.

म्हणजे अरबांनी जगाला सुरमा दिला. दारू त्या नावाने ज्यांनी प्यायली ती त्यांची जबाबदारी. यादी बनवणाऱ्याने एवढं शोधलं असतं तर त्याला लाजण्याची गरज पडली नसती.

अल्जेब्राची कथा याहून सुंदर आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी गणिताचा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात 'अल-जब्र' आहे. समीकरणाच्या एका बाजूला वजा असलेली रक्कम दुसऱ्या बाजूला नेऊन तूट भरून काढायची, ते जब्र. पण शब्दाचा आधीचा अर्थ मोडलेलं सांधणं, हाड बसवणं. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत अल्जेब्रा हा शब्द हाड बसवण्याच्या उपचारासाठीही वापरलेला सापडतो. स्पेनमध्ये 'अल्हेब्रिस्ता' म्हणजे हाडवैद्य. 'डॉन किहोते'च्या 1615 साली आलेल्या दुसऱ्या भागात घोड्यावरून आपटलेल्या एका पात्रावर असाच अल्हेब्रिस्ता उपचार करतो. आपल्या गावात हात मोडला की ज्याच्या दारात लोक जातात, बांबूच्या कामट्या बांधणारा तो माणूस, जुन्या स्पॅनिश हिशेबाने अल्जेब्राचा मास्तर.

अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांतलं 'अल-जब्बार' याच धातूचं. आपण त्याचा अर्थ सहसा 'जबरदस्त सत्ता असलेला' असा सांगतो. तो आहेच. पण मोडलेलं सांधणारा, हाही अर्थ उलेमा सांगत आले आहेत आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. इथे एक सावधगिरी. 'जबरदस्त' हा शब्द या घरचा नव्हे. तो फारसी. 'झबर' म्हणजे वर, 'दस्त' म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त. मराठीत झ चा ज झाला आणि दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द चुलतभाऊ वाटू लागले. अक्षरं सारखी दिसली की नातं जोडायची घाई करू नये, हे मी माझ्याच भाषेकडून शिकलो.

आता 'अल' म्हणजे काय? काहीच नाही. इंग्रजीत 'द' असतो ना, तो. मराठीत असला प्रकार नसल्यामुळे आपल्याला त्याचं वजन कळत नाही. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये अरबी बोलणारे आणि लॅटिनची लेकरं बोलणारे शेजारी शेजारी राहत होते. बाजारात कानावर 'अल-अमुक' पडायचं आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की अख्खा शब्द हाच. इटलीत मात्र व्यापारातून बरेच शब्द 'अल' वगळून पोचले. म्हणून कापसाला स्पॅनिशमध्ये 'अल्गोदोन' आणि इटालियनमध्ये 'कोतोने'. दोघांचं मूळ अरबी 'कुत्न'. इंग्रजीला तो 'कॉटन' म्हणून मिळाला, शेपटी तुटून. साखरेचंही तेच. स्पॅनिशमध्ये 'असूकार', त्यात 'अ' म्हणजे झिजलेला 'अल'. इंग्रजी 'शुगर'मध्ये तोही नाही. आणि त्या अरबी 'सुक्कर'च्याही मागे उभी आहे आपली शर्करा.

याचा अर्थ इंग्रज जेव्हा 'द अल्कोहोल' म्हणतो तेव्हा तो दोनदा 'द' म्हणतो. कुराणालाही त्यांनी हेच केलं. 1649 साली अलेक्झांडर रॉसच्या नावाने इंग्रजीत पहिला अनुवाद छापला गेला, फ्रेंचवरून केलेला. त्याचं नाव 'द अल्कोरान'. पुढे 1734 मध्ये जॉर्ज सेलने थेट अरबीवरून अनुवाद केला तेव्हा शीर्षकात 'कोरान' घातलं आणि लोक याला अल्कोरान म्हणतात असंही सोबत नोंदवलं. भाषेला चूक कळली की ती कधी कधी दुरुस्तही करते. अल्कोहोलची केली नाही, कारण ती कळूनही कुणाचं अडत नव्हतं.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत असे काही शब्द सापडतात की वाचून हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. 'अल्ग्वाझिल' म्हणजे स्पेनमधला साधा शिपाई, समन्स घेऊन दारात येणारा. मूळ 'अल-वझीर'. आपल्या बुद्धिबळाच्या पटावरचा वजीर तिकडे जाऊन हवालदार झाला. 'अल्कायड' म्हणजे किल्लेदार किंवा तुरुंगाचा अधिकारी. मूळ 'अल-काइद', नेता. काझी साहेबांचं त्यातल्या त्यात बरं झालं, त्यांचा 'अल्काल्दे' म्हणजे नगराध्यक्ष झाला. राज्य गेलं की पदव्यांचं असंच होतं.

आता खरा मुद्दा. 'अल'ची चादर जरा बाजूला करून आत कोण झोपलंय ते पाहा.

अलेम्बिक घ्या. आपल्याकडे हे नाव बडोद्याच्या औषध कंपनीमुळे, खोकल्याच्या बाटलीवरून ओळखीचं. शब्द जुना आहे, अर्क काढण्याचं चोचवालं भांडं. मूळ 'अल-अंबीक'. पण 'अंबीक' अरबांनी घेतला ग्रीक 'अंबिक्स'वरून, म्हणजे पेला. अल्मॅजेस्ट हे टॉलेमीच्या खगोलग्रंथाचं नाव. 'अल-मजिस्ती'. आत ग्रीक 'मेगिस्ते', सर्वांत मोठा. हाच ग्रंथ अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. ग्रीकमधून अरबीत, अरबीतून एकीकडे टोलेडोत लॅटिनमध्ये, दुसरीकडे जयपुरात संस्कृतात. अल्केमीतला 'कीमिया' ग्रीकच. इंग्रजीने पुढे त्याचा 'अल' काढून केमिस्ट्री केली. मराठीने त्याची किमया केली आणि ती शब्दांची, रंगांची, सुरांची, कशाचीही असू शकते. मला विचाराल तर तिघांत सर्वांत चांगला संसार मराठीने केला.

ॲप्रिकॉटमध्येही 'अल' लपला आहे. 'अल-बर्कूक'. त्याच्या आत ग्रीक आणि ग्रीकच्या आत लॅटिन, लवकर पिकणारं फळ. रोमन शब्द अरबी कपडे घालून पुन्हा युरोपात आला.

आणि माझा सर्वांत लाडका, 'अल्कर्मीझ'. आता फारसं कुणी वापरत नाही. एका बारीक किड्यापासून लाल रंग काढत, त्या रंगाचं एक जुनं बलवर्धक औषध. 'अल-किर्मिझ'. आपला किरमिजी रंग तो हाच. इंग्रजी 'क्रिमझन'ही त्याचाच. पण 'किर्मिझ'च्या आत आहे फारसी 'किर्म', म्हणजे किडा. फारसी 'किर्म' आणि संस्कृत 'कृमि' या सख्ख्या बहिणी. म्हणजे अरबी 'अल'च्या पदराखाली आपली कृमी निघाली. मग सांगा, हा शब्द कुणी कुणाला दिला?

अल-ख्वारिज्मींचंच पाहा. त्यांच्या मूळ प्रदेशाच्या नावावरून लॅटिनमध्ये 'अल्गोरिस्मी' झालं आणि आजचा अल्गोरिदम. पण जुन्या इंग्रजीत 'अल्गोरिझम' किंवा 'ऑग्रिम' म्हणजे काय होतं? शून्य आणि नऊ अंकांनी हिशेब करायची पद्धत. ती त्यांनी हिंदुस्थानी हिशेबावर लिहिलेल्या पुस्तकातून युरोपला कळली. त्यांनी स्वतः ती हिंदूंची म्हणूनच सांगितली होती. श्रेय ज्याचं त्याला देण्यात अल-ख्वारिज्मींना कमीपणा वाटला नाही. आपल्याला वाटतो. बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ अरबीत आणणारे हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होते. साबित इब्न कुर्रा साबियन होते. संदेशात लिहिलं होतं 'मुसलमानांनी दिले'. त्या काळचं मोठेपण हे होतं की खलिफाच्या शहरात ही सगळी माणसं एका कामाला बसू शकली. ते सोडून आपण मोजतोय काय, तर एक 'अल'.

मोजायचा तर निदान नीट मोजावा. आल्मंडमधला 'अल' अरबी नाही. बदामाचं ग्रीक नाव 'अमिग्दाले', त्यात ल सुरुवातीला नव्हताच. 'अल'वाल्या इतक्या शब्दांची सवय झाली की लोकांनी बदामालाही तो चिकटवला, असं शब्दशास्त्रज्ञ मानतात. नकली 'अल'. ॲलिगेटर म्हणजे स्पॅनिश 'एल लागार्तो', सरडा किंवा पाल. तो 'एल' लॅटिनचा. अल्फाबेट ग्रीक अक्षरांची पहिली दोन नावं. हा न्याय मराठीला लावला तर अलगद, अल्लड, अलीकडे आणि अलंकार, सगळे अरबस्तानातून आले म्हणावं लागेल. 'अलाहिदा' खरोखर अरबी आहे, पण त्यातला 'अल' तो 'अल' नव्हे; तो 'अला', वर किंवा प्रमाणे अशा अर्थाचा. उलट जिथे दिसत नाही तिथे 'अल' बसलेला असतो. 'बिलकूल' फोडून पाहा. 'बि-अल-कुल्ल', सगळ्यासकट. गावातली आजी दिवसातून दहा वेळा बिलकूल म्हणते, तिला कुणी सांगितलेलं नसतं की तू अरबी व्याकरण चालवतेस.

असाच एक लपलेला 'अल' मला बरीच वर्षं छळत होता. आरमाराचा ॲडमिरल. मूळ 'अमीर-अल', अमक्याचा सेनापती. पुढचा समुद्र वगैरे गळाला आणि 'अमक्याचा' शिल्लक राहिला. अर्धवट तुटलेला शब्द, पण केवढा रुबाब! आता याच बांधणीचा दुसरा शब्द बघा. अब्दुल. 'अब्द-अल', अमक्याचा बंदा. पुढे रहमान, करीम, जब्बार काहीतरी हवंच, नाहीतर नाव पुरं होत नाही. पण नाक्यावरच्या विनोदात, टीव्हीवरच्या चर्चेत, कॉलेजच्या कट्ट्यावर 'अब्दुल' एकटाच असतो. पंक्चर काढणारा अब्दुल. नाव अर्धं कापून, त्यातला अल्लाह काढून, बंदा तेवढा चिडवायला ठेवलेला. व्याकरणाच्या दृष्टीने ॲडमिरल आणि अब्दुल एकाच जातीचे. एकाला सलामी मिळते, दुसऱ्याला टोमणा. यात शब्दाच्या जन्माचा काही संबंध नाही. सत्ता कुणाच्या हातात आहे, तेवढाच संबंध.

म्हणूनच मला माझ्या भाच्याचा राग येत नाही. वर्गात, बसमध्ये, भाड्याने घर शोधताना ज्याला रोज सांगितलं जातं की तू बाहेरचा, त्याला वाटणारच की कुठेतरी आपलं नाव कोरलेलं असावं, निदान इंग्रजी डिक्शनरीत. पण ही यादी ज्या तर्कावर उभी आहे तोच तर्क त्याच्याविरुद्ध रोज वापरला जातो, हे त्याला दिसत नाही. एका साहित्यविषयक कार्यक्रमात मी बोलून खाली उतरलो तेव्हा एक गृहस्थ प्रेमाने म्हणाले, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता! फक्त ते यावनी शब्द टाळायला हवेत." त्यांनी एका वाक्यात मला घरात घेतलं आणि दारही दाखवलं. त्यांच्याही खिशात यादी होती. भाच्याची यादी म्हणते, शब्द आमचा म्हणून श्रेय आमचं. त्यांची यादी म्हणते, शब्द त्यांचा म्हणून बाहेर काढा. यादी एकच.

मराठीत हे नवं नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. फारसी ही तेव्हा बादशाही कारभाराची भाषा होती आणि नव्या राज्याला आपली मुद्रा उमटवायची होती. त्यामागचा स्वाभिमान मला समजतो. पेशव्याला पंतप्रधान म्हणायचं ठरलं. तरीही बाजीराव लोकांच्या तोंडी पेशवाच राहिले. कान्होजी आंग्रे सरखेल राहिले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली तेव्हा तिच्या बाजूने लिहिणाऱ्यांत माधव जूलियन होते. ज्यांनी मराठीत गझल रुजवली आणि 1925 साली फारसी-मराठी कोश दिला, तेच. याला कुणी विसंगती म्हणेल. मला त्यात एक विद्वान माणूस आपल्याच दोन प्रेमांच्या ओढाताणीत सापडलेला दिसतो. ज्यांनी कोश कधी उघडला नाही आणि तरी शुद्धी मागतात, त्यांच्यापेक्षा त्यांच्याशी वाद घालायला मला आवडलं असतं.

इंग्रजीने एक बरं केलं. तिने 'अल'सकट शब्द घेतले आणि नंतर कुणी परत मागेल या भीतीने किंवा कुणी हाकलायला सांगेल या धाकाने जगली नाही. अल्कलीवरून अल्कलाइन केलं, अल्कलॉइड केलं. मेंदीच्या अरबी नावावरून, 'अल-हिन्ना'वरून, 'अल्केनेट' केलं आणि ते भलत्याच लाल मुळीला देऊन टाकलं; आपल्याकडचं रतनज्योत इंग्रजीत त्याच नावाने विकलं जातं. अरबांनी कधी हिना परत मागितली नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, एवढं लांब नाही, पण तरी लांबच. भाच्याला वेगळं लिहिलं की नववीचं बीजगणिताचं पुस्तक घेऊन रविवारी ये, तुला समीकरणात जब्र कुठे होतं ते दाखवतो. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. माशाअल्लाह तर नाहीच. तिसऱ्या दिवशी भाच्याने विचारलं, "मामू, बदाम पण आपला नाही?" मी लिहिलं, बदाम फारसी आहे, खा.

रात्री खालाचा आवाजी संदेश आला. तिने सगळं कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. म्हणाली, "बेटा, तू जो लिख्या सो ठीक है. पर एक बात बता. सुरमा लगाना के नै?"

मी लिहिलं, "बिलकूल."